किनिअर विल्सन

सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन (६ डिसेंबर १८७८ – १२ मे १९३७) हे ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ होते. तरुण वयात जडणाऱ्या व झपाट्याने बळावणाऱ्या एका मेंदूविकाराचा यकृताशी असलेला संबंध त्यांनी दाखवून दिला. हा विकार आज ‘विल्सन रोग’ या नावाने ओळखला जातो.

जीवन

विल्सन यांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे कुटुंब स्कॉटलंडमध्ये स्थायिक झाले. १९०२ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविल्यावर त्यांनी पॅरिस येथे प्येअर मारी व झोझेफ बाबिन्स्की यांच्याकडे अध्ययन केले. १९०४ मध्ये ते लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकार रुग्णालयात रुजू झाले.

संशोधन

हातापायांना कंप, स्नायूंचा ताठरपणा, बोलण्यात व गिळण्यात अडथळा अशी लक्षणे असलेले काही तरुण रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले. त्यांना अर्धांगवायू नव्हता आणि संवेदनाही शाबूत होत्या. तरीही काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत त्यांना मृत्यू येई. एकाच घरातील भावंडांनाही हा विकार होत असे. यकृताच्या दुखण्याचे चिन्ह हयातीत सहसा दिसत नसे. मात्र शवविच्छेदनात मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांच्या ऱ्हासाबरोबर यकृतसूत्रणही आढळले. स्वतःचे चार रुग्ण आणि विल्यम गॉवर्स आदींच्या जुन्या नोंदी पडताळून विल्सन यांनी १९१२ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. यकृतात निर्माण होणारे एखादे विष मेंदूला बाधत असावे, असा त्यांचा तर्क होता.

पुढील काळ

१९२० मध्ये त्यांनी मज्जाविकारविषयक नियतकालिक सुरू केले. त्यांचा ‘न्यूरॉलॉजी’ हा ग्रंथ मृत्यूनंतर, १९४० मध्ये प्रकाशित झाला.

शरीरात साठणारे तांबे हेच ते विष होय, हे त्यांच्या पश्चात सिद्ध झाले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी तांबे लघवीवाटे बाहेर टाकणारे पेनिसिलामाइन हे औषध वापरात आणले आणि एकेकाळचा प्राणघातक रोग आटोक्यात आला. रोग लवकर ओळखल्यास मेंदूची हानी टाळता येते. म्हणूनच तरुण रुग्णात कंप वा ताठरपणा आढळल्यास डोळ्याच्या स्वच्छमंडलाच्या कडेचे तपकिरी-हिरवट वलय, रक्तातील सेरुलोप्लाझमिन आणि लघवीतील तांबे तपासतात. रोग आनुवंशिक असल्याने रुग्णाच्या निरोगी दिसणाऱ्या भावंडांचीही तपासणी केली जाते.