गांधीजींचा उकडलेला पालक

विलायतेला शिकायला गेलेल्या मोहनदास गांधींचे 1888 साली जेवणाचेच सर्वाधिक हाल झाले. रिचमंडला राहत असताना बिनमसाल्याचा उकडलेला पालक त्यांना अगदी बेचव लागे. घरून मिठाई आणि मसाले येत. पुढे आहारावरची पुस्तके वाचून त्यांनी तेही बंद केले आणि काही काळाने तोच पालक चवीने खाऊ लागले. चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे, असे त्यांनी यावरून ठरवले.

यात तथ्य किती? तिखट ही मुळात चव नाही, वेदना आहे. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवते आणि मेंदूला भाजल्यासारखे वाटते. म्हणून घाम येतो, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते. (तंतूंवरचा हा ग्राहक 1997 मध्ये सापडला, त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल मिळाले.) रोज ठेचा खाणाऱ्याचे हे तंतू बधिरतात, मग मिरच्या वाढवाव्या लागतात, सोडल्या की संवेदना परतते. तेव्हा त्या पालकात मनाइतकाच चेतातंतूंचाही हात असावा.

1908 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात मात्र गांधीजींनीच डॉक्टरांकडे करी पावडर मागितली होती! इथे जिभेचे चोचले पुरवायला आलेला नाहीत आणि आरोग्याला मसाल्याची गरज नाही, असे त्यांना सुनावण्यात आले. हा नियम पुढे खटपटीने शिथिल झाला, तरी तो हिताचाच होता असे गांधीजींचे मत बनले. स्वाद जिंकल्याशिवाय ब्रह्मचर्य अवघड, असेही ते मानत. त्याला वैद्यकाचा आधार नाही.

1918 मध्ये त्यांना आमांश झाला, तोही गोड लापशी आणि मूग खाऊन. त्यातून गुदद्वाराला चिरा पडल्या. माथेरानला हवापालटासाठी गेले असतानाही शौचाला असह्य वेदना होत. आपल्या छत्रपती संभाजीनगरात नान-खलियाच्या दुसऱ्या दिवशी झोंबले की खापर तिखटावरच फुटते. फिशर बहुधा बद्धकोष्ठाने किंवा जुलाबाने होते. तिखट त्या जखमेला झोंबते. अल्सरही बहुतेक वेळा जंतूंमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो.

1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात मसाल्यांवरही मजकूर आहे. औषध म्हणून मसाल्यांना त्यांची ना नव्हती.