पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब देशमुख (२७ डिसेंबर, इ.स. १८९८ – १० एप्रिल, इ.स. १९६५) हे वऱ्हाडातील शिक्षणप्रसारक, बॅरिस्टर, संविधान सभेचे सदस्य व भारताचे कृषिमंत्री होते. शेतकऱ्याची कर्जबाजारी अवस्था आणि जातीमुळे नाकारला जाणारा निवारा, पाणी व शिक्षण हे त्यांच्या सार्वजनिक कार्याचे दोन प्रमुख विषय होत.

जीवन

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे झाला. चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावती व पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले; त्यासाठी वडिलांनी शेतीवर कर्ज काढले होते. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन ते इ.स. १९२६ मध्ये अमरावतीस परतले. पुढील वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला.

वसतिगृह, विहिरी व मंदिर

वऱ्हाडातील गावांत वस्ती जातीनुसार विभागलेली असे आणि अस्पृश्य मानलेल्यांची घरे गावकुसाबाहेर असत. शिक्षणासाठी शहरात आलेल्या मुलापुढे फीच्या आधी राहण्याच्या जागेचा प्रश्न उभा राही, कारण भाड्याची खोली मिळणे न मिळणे पुष्कळदा जातीवर ठरे. पंजाबरावांनी अमरावतीत सुरू केलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. त्यांच्या पुढील शैक्षणिक कार्याची मोठी कीर्ती झाली असली, तरी या छात्रालयाचे धाडस त्याहून कमी नव्हते. इ.स. १९२७ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद झाली. तेथील अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, या चळवळीला पंजाबरावांचा पाठिंबा होता. इ.स. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

कर्ज आणि जमीन

वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. खातेदाराला जमीन विकता व गहाण ठेवता येत असे, म्हणूनच सावकार तिच्यावर कर्ज देण्यास तयार असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, अकोला व बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली आणि जमिनीला बाजारमूल्य आले. त्यानंतर भाव पडले की हप्ता थकणे, दिवाणी हुकूमनामा आणि लिलाव हा क्रम नित्याचा झाला. ऋणको बहुधा कुणबी, माळी इत्यादी शेतकरी जातींचा आणि धनको मारवाडी किंवा ब्राह्मण, असे चित्र सामान्यतः रंगवले जाई. ते निराधार नव्हते, पण अपुरे होते. पैसा बाळगून असलेले पाटील व देशमुखही सावकारी करीत.

या वादाला कायद्यात कोणते रूप द्यावे, याविषयी दोन मार्ग होते. पंजाब प्रांताने इ.स. १९०० च्या कायद्याने काही जातींना शेतकरी ठरवून त्यांची जमीन इतरांकडे जाण्यावर बंधने घातली होती. मध्य प्रांत व वऱ्हाडने निराळा मार्ग धरला. इ.स. १९३० मध्ये प्रांतिक विधिमंडळावर निवडून आलेले पंजाबराव शिक्षण, कृषी व सहकार ही खाती सांभाळणारे मंत्री होते. इ.स. १९३३ च्या कर्ज तडजोड कायद्याशी त्यांचे नाव वऱ्हाडात कायमचे जोडले गेले. या कायद्यात जातीचा उल्लेख नव्हता. धनको व ऋणको यांना मंडळासमोर बोलावून कर्जाची रक्कम ठरवायची आणि तिचे वार्षिक हप्ते पाडून द्यायचे, अशी त्याची रचना होती. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराला पुढे न्यायालयात खर्च व चढे व्याज मिळणे अवघड होई.

जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळलेले असताना या तरतुदीचे मोल मोठे होते. मात्र ठरलेला हप्ता थकल्यास तो शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत असे; म्हणजे जमीन जाण्याची भीती पुरती टळली नव्हती. शिवाय तारण ठेवण्यास जमीनच नसलेल्या शेतमजुरांना, ज्यांत महार व मातंग कुटुंबे पुष्कळ होती, या कायद्याचा फारसा उपयोग नव्हता. ही मर्यादा पंजाबरावांवरील गौरवपर लेखनात क्वचितच नोंदवली जाते. इ.स. १९३९ मध्ये प्रांताने कर्जनिवारणाचा नवा कायदा केला.

नंतरचे कार्य

इ.स. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. संविधान सभेत त्यांनी मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी केली. इ.स. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते व लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधी होते. याच काळात, इ.स. १९५४ मध्ये, ग्रामीण पतपाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार ग्रामीण कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येई आणि सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३ टक्क्यांच्या आसपास होता. त्या ७० पैकी सुमारे २५ टक्के शेतकरी-सावकारांचे होते. इ.स. १९५५ मध्ये पंजाबरावांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली.

त्यांचे दिल्ली येथे निधन झाले. अकोला येथे इ.स. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.