राजवाड्यातले इतिहासाचे मास्तर

इतिहास म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? दहावीचा तो चाळीस मार्कांचा पेपर. सनावळ्या पाठ करा, टिपा लिहा, विधानं सकारण स्पष्ट करा आणि हॉलबाहेर पडलात की विसरा. अकरावीला सायन्स किंवा कॉमर्स घेतलं असेल तर मग सुटकाच. पण शाळकरी मुलांना इतिहास शिकवता शिकवता एका माणसाचं अख्खं आयुष्य त्यात गेलं. गोविंद सखाराम सरदेसाई त्यांचं नाव. रियासतकार म्हटलं तर आजोबांना लगेच ओळख पटेल.

१७ मे १८६५ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावी जन्म. घरची शेती, पैसा बेताचाच. शाळा रत्नागिरीत, कॉलेज आधी पुण्यात फर्ग्युसन, मग मुंबईत एल्फिन्स्टन. १८८८ मध्ये बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत लागले. काम काय, तर महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि राजघराण्यातल्या मुलांना शिकवायचं. महाराजांची वाचनाची भूक मोठी. त्यामुळे मॅकियाव्हेलीचं ‘द प्रिन्स’ आणि सीलीचं इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरचं पुस्तक सरदेसायांनी मराठीत आणलं.

खरी पंचाईत झाली ती मुलांना शिकवताना. आपल्या देशाचा इतिहास सलग सांगणारं धड पुस्तक मराठीत नव्हतंच. बखरी होत्या, पण त्यांत ऐकीव गोष्टींची भर. मराठ्यांच्या इतिहासासाठी आधार ग्रँट डफचा, तोही १८२६ मध्ये आलेला, एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहिलेला. मग सरदेसाई स्वतःच वाचून मुलांसाठी टिपणं काढायला लागले. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर फिरतात तसल्या नोट्स नव्हेत हो! ती टिपणं वाढत गेली आणि १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ छापून आली. १९०२ पासून ‘मराठी रियासत’, नंतर ‘ब्रिटिश रियासत’.

आता गंमत बघा. त्याच १८९८ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली अस्सल पत्रं. पानिपतापूर्वी सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा आणि रसद पाठवा म्हणून कसे लिहीत होते, ते या पत्रांतून दिसायला लागलं. राजवाड्यांचा आग्रह असा, की आधी कागद गोळा करा, इतिहास लिहायची घाई नको. सरदेसायांची वाट वेगळी. आहे त्या माहितीवर सलग इतिहास लिहायचा आणि नवा कागद आला की दुरुस्त करायचा.

मला विचाराल तर राजवाड्यांचं म्हणणं संशोधक म्हणून बिनतोडच. पण मास्तरला उद्या सकाळी तास घ्यायचा असतो, सगळे कागद सापडेपर्यंत पोरांना थांबवणार कसं? आणि सरदेसायांनी दुरुस्तीचा शब्द पाळला. नवी साधनं येत गेली तशी त्यांनी स्वतःचीच रियासत पुन्हा लिहून काढली. छापलेलं पुस्तक मोडून परत मांडायचं काम सोपं नसतं. आपल्याला असाइनमेंट दुसऱ्यांदा लिहायची म्हटलं तरी जिवावर येतं.

१९२५ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन ते कामशेतला राहायला आले. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना हे स्टेशन माहीत असेल. मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकून पुढे जर्मनीला गेला होता. तो तिथेच वारला. घरात एवढं दुःख, आणि साठी उलटून गेलेली.

आणि मग समोर आलं पुण्याचं पेशवे दप्तर. रुमालात बांधलेले मोडी कागदांचे हजारो गठ्ठे, सरकारच्या ताब्यात, आणि अभ्यासकांना आत जाणंही अवघड. त्यातले निवडक कागद छापायचं काम सरदेसायांकडे आलं. पाठीशी होते बंगालचे जदुनाथ सरकार. दोघांची मैत्री जुनी, पत्रव्यवहार वर्षानुवर्षांचा. पुण्यातल्या अनेक संशोधकांना मात्र हे रुचलं नाही. दप्तर इथलं, मग आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल, आणि तो अगदीच चुकीचा होता असं म्हणवत नाही. सरदेसाई माणसं हाताशी घेऊन कामाला लागले. १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तर’चे ४५ खंड बाहेर पडले. नव्याने आलेले हे कागद धरून पुढे त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ मध्ये आला, तेव्हा वय ऐंशीच्या पुढे!

१९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं. २९ नोव्हेंबर १९५९ला कामशेतलाच ते गेले. ‘मराठी रियासत’च्या आवृत्त्या त्यांच्यानंतरही निघाल्या. कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा. खंड जाडजूड आहेत, पण पहिल्यापासूनच वाचायला हवेत असं नाही. पानिपताचा भाग काढून बसलात तरी चालेल.