विल्हेल्म नुसेल्ट
विल्हेल्म नुसेल्ट (जन्म : न्युर्नबर्ग, २५ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : म्युनिक, १ सप्टेंबर १९५७) हे उष्णता-संक्रमणाच्या शास्त्राचा पाया घालणारे जर्मन अभियंते होते.

बर्लिन व म्युनिक येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९०७ मध्ये त्यांनी उष्णतारोधक पदार्थांच्या उष्णतावाहकतेवर प्रबंध लिहिला. पुढे ते कार्ल्सरूह व १९२५ पासून म्युनिक येथे प्राध्यापक होते.

उष्णता विनिमयकाच्या कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे वा हवेचे तापमान काढण्यासाठी नळीच्या पृष्ठभागाशी उष्णतेची देवाणघेवाण किती वेगाने होते, हे ठाऊक असावे लागते. हा दर प्रवाहाचा वेग, पदार्थाचे गुणधर्म व नळीचा व्यास यांनुसार बदलतो. १९१५ च्या निबंधात नुसेल्ट यांनी या राशी परिमाणरहित संख्यांमध्ये गुंफल्या. त्यामुळे एका नळीवरील प्रयोगाचे निष्कर्ष निराळ्या मापाच्या नळीलाही लावता येऊ लागले. यांतील एक संख्या पुढे ‘नुसेल्ट संख्या’ म्हणून रूढ झाली.

१९११ व १९३० मध्ये त्यांनी एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या प्रवाहांचे गणित मांडले. अशा रचनेत बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचे तापमान रुंदीभर सारखे नसते, म्हणून त्याची सरासरी काढावी लागते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये व वातानुकूलन यंत्राच्या कॉइलमध्ये हवा नळ्यांना आडवीच वाहते. त्यांच्या गणनेस हे विवेचन आजही आधारभूत आहे.