रुग्णाची गोष्ट ऐकणारे डॉक्टर : अलेक्झांडर लूरिया

व्यासांनी महाभारत सांगावे आणि गणरायाने ते लिहून घ्यावे. गणरायाची अट एकच, लेखणी थांबता कामा नये. ही कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी अलेक्झांडर लूरिया या रशियन डॉक्टरांचे चरित्र लिहायला घेतले, तेव्हा आम्हाला ती पुन्हा आठवली. का, ते पुढे येईलच.

लूरिया यांचा जन्म १९०२ साली व्होल्गाकाठच्या कझान शहरात झाला. वडील नामांकित डॉक्टर, आई दंतवैद्य. मुलाने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाची ओढ मात्र माणसाच्या मनाकडे. १९२१ मध्ये पदवी घेऊन दोन वर्षांनी ते मॉस्कोला गेले. तिथे लेव विगोत्स्की या असामान्य बुद्धीच्या मानसशास्त्रज्ञाचा सहवास लाभला. दहाच वर्षांत, १९३४ मध्ये, क्षयाने विगोत्स्कींना नेले. पुढे लूरियांनी वैद्यकाचा अभ्यास पूर्ण केला आणि १९३७ मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, ते डॉक्टर झाले. वडिलांची इच्छा पुरी झाली, पण मुलाच्या वाटेने.

मॉस्कोतल्या सुरुवातीच्या काळातच त्यांच्याकडे शेरेशेव्स्की नावाचा एक वार्ताहर आला. तो काहीही टिपून घेत नसे, तरी संपादकांनी सांगितलेला शब्दन् शब्द त्याच्या ध्यानात राही. आकड्यांच्या लांबलचक याद्या तो उलटसुलट म्हणून दाखवी. पंधरा वर्षांनीही त्या त्याला आठवत. दुसरा कोणी असता तर या नवलावरच थांबला असता. लूरियांनी मात्र जवळजवळ तीस वर्षे या माणसाचे जगणे जाणून घेतले. तेव्हा उमगले की त्याला विसरताच येत नाही, आणि हेच त्याचे दुखणे आहे. माणसाचा चेहरा क्षणोक्षणी पालटतो. याला प्रत्येक छटा वेगळी आठवे, म्हणून ओळखीचे चेहरेही त्याला नीट ओळखू येत नसत.

मग महायुद्ध आले. लूरियांनी उरल पर्वताच्या भागात मेंदूला जखम झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालय उभारले. १९४३ मध्ये तिथे झासेत्स्की नावाचा तेवीस वर्षांचा तरुण अधिकारी आला. युद्धापूर्वी तो अभियांत्रिकी शिकत होता. गोळी डोक्याच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात शिरली होती. त्याला उजवीकडचे जग दिसत नसे. अक्षरे अनोळखी झाली होती. वडिलांचा भाऊ आणि भावाचे वडील, अशा साध्या शब्दांतला फरकही त्याला उलगडत नसे.

एके दिवशी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितले, एकेक अक्षर आठवत बसू नकोस, हात न उचलता सलग लिही. आणि त्याच्या हातून शब्द उमटला! बोटांची जुनी सवय शाबूत होती. लिहिलेले मात्र त्याला वाचता येईना. लेखणी थांबू न देण्याची अट गणरायाने आपणहून घातली होती. या बिचाऱ्यावर ती नशिबाने लादली. ती पाळत तो पंचवीस वर्षे लिहीत राहिला. कधी दिवसभराच्या धडपडीनंतर अर्धे पान, कधी एक पान. अशी सुमारे तीन हजार पाने झाली.

लूरियांची स्वतःची वाटही सोपी नव्हती. १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत जाऊन, शिक्षणाने माणसाची विचार करण्याची रीत कशी बदलते, याचा त्यांनी अभ्यास केला होता. तो राज्यकर्त्यांना रुचला नाही. तो ग्रंथरूपाने यायला १९७४ साल उजाडले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मेंदूशल्यचिकित्सेच्या संस्थेतली त्यांची जागाही गेली. त्यांनी काम सोडले नाही. काही वर्षे ते मतिमंद मुलांच्या अभ्यासात रमले आणि मग पुन्हा आपल्या रुग्णांकडे परतले.

तज्ज्ञांसाठी त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. पण उतारवयात दोन लहान पुस्तके तुमच्याआमच्यासाठी लिहिली : १९६८ मध्ये शेरेशेव्स्कीवर, १९७१ मध्ये झासेत्स्कीवर. दुसऱ्या पुस्तकात लूरियांनी स्वतः कमी बोलून रुग्णाच्या वहीलाच बोलू दिले. मेंदूचा कोणता भाग बिघडला हे ते सांगतातच. पण त्या बिघाडासह तो माणूस कसा जगतो, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते. झासेत्स्की बरा झाला असा खोटा दिलासा ते देत नाहीत. तो झुंजत राहिला, एवढेच सांगतात.

लूरिया १९७७ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत निवर्तले. अखेरच्या काही वर्षांत ऑलिव्हर सॅक्स या तरुण डॉक्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे सॅक्स यांनीही रुग्णांच्या अशाच कथा लिहून जगभर वाचक मिळवले आणि लूरियांचे ऋण मोकळेपणाने मानले.

आपल्याही घरांत पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा असतात, नातवंडांची नावे विसरलेली आजी असते. त्यांचे वाक्य आपणच घाईने पुरे करतो. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी असे बोलतो, जणू ते तिथे नाहीतच. यंदा आरतीनंतर घरातल्या अशा एखाद्या ज्येष्ठाजवळ थोडा वेळ बसावे आणि अडलेला शब्द त्यांचा त्यांना सापडेपर्यंत थांबावे, एवढीच आमची वाचकांना विनंती.