भीमरावांना महाराजांसमोर नेणारे केळूसकर गुरुजी

बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, हे जयंतीच्या प्रत्येक भाषणात येतं. ती मिळावी म्हणून धडपड कोणी केली, हे मात्र बरेच वक्ते एका वाक्यात उरकतात. तो माणूस आपल्या वेंगुर्ले तालुक्यातला होता.

कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचा जन्म १८६० साली किनाऱ्यावरच्या केळूस गावी झाला. तेव्हा हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. कोकणातल्या हजारो माणसांप्रमाणे तेही मुंबईला गेले. तिथे विल्सन हायस्कूलमध्ये त्यांनी शिक्षकी केली आणि उरलेला वेळ लिखाणात घातला. १८९६ मध्ये त्यांचं तुकाराम चरित्र आलं, १८९८ मध्ये गौतम बुद्धाचं चरित्र. नंतर त्यांनी शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहिलं. त्यावर आधारलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ मध्ये निघाला. पुस्तकांची यादी इथेच थांबवतो. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट चर्नी रोडच्या बागेत घडली.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भीमराव शाळा सुटली की या बागेत वाचत बसायचा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा कुठली? केळूसकर गुरुजीही तिथे येत. रोज पुस्तकात डोकं घालून बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला आणि एक दिवस त्याची चौकशी केली. मुलाने आपली जात सांगितली. पुढे गुरुजी त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले.

१९०७ च्या परीक्षेत भीमराव मॅट्रिक झाले. वस्तीने सत्कार ठेवला. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठराव मांडणारे तेच. त्या सभेत गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. त्यानंतर नागपूरच्या दीक्षेला जवळपास पन्नास वर्षं लागली, पण बुद्ध त्या घरात पहिल्यांदा आला तो या पुस्तकातून.

सत्काराने फी भरली जात नाही. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटर झाले आणि घरचे पैसे संपले. सुभेदार रामजींची पेन्शन महिन्याला ५० रुपये, त्यात मोठं कुटुंब. शिक्षण तिथेच थांबलं असतं. पण लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईच्या एका सभेत बोलून दाखवली होती. गुरुजींना ते ठाऊक होतं. त्यांनी महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना सोबत घेऊन त्यांची भेट घेतली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं त्यांना पटली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. १९१३ मध्ये याच संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरीची अट.

यात गुरुजींनी स्वतः काय केलं, ते नीट पाहायला हवं. पैसा महाराजांचा होता, हुशारी आणि कष्ट भीमरावांचे. गुरुजींकडे तीन गोष्टी होत्या. मदत कुठे मिळते याची माहिती, दार ठोठावण्याइतकी ओळख आणि स्वतःच्या जातीबाहेरच्या मुलासाठी ती वापरण्याची दानत. समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला सामाजिक भांडवल म्हणतात. वस्तीतल्या मुलाकडे नेमकं तेच नसतं.

आज ओळखीची गरज नाही, शिष्यवृत्ती हक्काची आहे. तिची मुळंही या कथेतच आहेत: व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी सरकारी पैशाचा आग्रह धरला आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आता अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. कॉलेजने अर्ज पुढे पाठवावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. यातली एक कडी निसटली की वर्ष गेलं. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून काही पालक अर्जच करत नाहीत. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप असते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचंही तेच. केळूसची किंवा होडावड्याची मुलगी वेंगुर्ल्याच्या खर्डेकर कॉलेजात प्रवेश घेते, तेव्हा तिच्या शेजारी बसून हा अर्ज कोण भरतं? आपल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवतो तसा या अर्जांचाही ठेवावा: कोणाचा भरला, कोणाचा परत आला, कशामुळे आला.

केळूसकर गुरुजी ऑक्टोबर १९३४ मध्ये वारले. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आपण भेट दिलेलं पुस्तक त्या मुलाला कुठवर घेऊन गेलं, ते गुरुजींना पाहायला मिळालं नाही.