लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

सध्या आमच्या न्यू जर्सीच्या किचनमध्ये दोन तवे आहेत. एक आमचा, एक सासूबाईंचा. मी नगरकडचा ख्रिस्ती, बायको ब्राह्मणाघरची. लग्नाला सात वर्षं झाली, तरी आमच्या भांड्यातलं त्या खात नाहीत. त्या सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा पहिला आठवडा मी नुसता धुमसत होतो. मग आजी मला वाचून दाखवायची ते 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं.

लक्ष्मीबाई टिळक मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. लहान वयातच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. नवरा कवी, तापट, कधी काय करेल याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून लांब राहिल्या. पंढरपुरातल्या त्या दिवसांचं वर्णन वाचताना आजही घशात आवंढा येतो.

नंतर त्या टिळकांकडे परत आल्या, पण धर्म बदलायला नव्हे. सोवळं सोबत होतंच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाने इथे मात्र घाई केली नाही, जबरदस्ती केली नाही. (मला तर दोन तव्यांचासुद्धा धीर धरवत नव्हता!) हळूहळू लक्ष्मीबाईंनाच वाटू लागलं, की जाती देवाने नाही, माणसांनी केल्या. आधी मनातली शिवाशिव गेली, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा त्यांच्या घरात आली ती स्वयंपाकघरातून.

पुढचा संसारही काही सरळ नव्हता. टिळक हातातले पैसे देऊन टाकायचे, घरात कोणाची ना कोणाची मुलं वाढत असायची, आणि भांडणंही व्हायची. हे सगळं त्यांनी हसत हसत लिहिलंय, नवऱ्याला देव न बनवता.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य दहाएक अध्यायांवर थांबलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला आणि १९३६ मध्ये त्या गेल्या.

परवा सासूबाईंचा तवा मी वेगळ्या घासणीने घासून जागेवर ठेवला. त्यांनी पाहिलं, बोलल्या काही नाहीत. रात्री त्यांनी पुस्तक मागितलं. आता ते त्यांच्या उशाशी असतं. काल पाहिलं तर खुणेचा कागद पंढरपूरच्या पानांत होता.